दोन गुलाबजामांचं देणं

लातूर,
येळवशीनंतरचा रविवार

प्रिय मास्तर,

पुण्याला पोचल्याचा तुझा फोन आला, पण त्यात आंबिलीचं कौतुक आणि एसटीतल्या गर्दीचं रडगाणं सोडून दुसरं काही नव्हतं. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या रानजेवणाला, कडब्याच्या कोपीपाशी अर्धवट राहिलेल्या भांडणाचं तू नावही काढलं नाहीस. म्हणजे आपण जिंकलो असंच धरून चाललायस. म्हणून हे पत्र. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, कागदावर मधे तोंड घालायची सोय नाही.

आठवतंय ना काय झालं ते? जेवणं उरकली होती, आई सावलीला कलंडली होती. तुझ्या पोरानं कडब्याच्या पेंढीला टेकवून तो वाटीएवढा स्पीकर लावला आणि ईगल्स या अमेरिकी बँडचं 'हॉटेल कॅलिफोर्निया' सुरू झालं. भर दुपारी, हरभऱ्याच्या रानात! मला तर भरूनच आलं. शेवटाला त्या दोन गिटारी एकमेकींचा हात धरून उतरायला लागतात, नेमकं तिथंच पठ्ठ्यानं बोट फिरवलं आणि क्वीन चालू. क्वीन निम्म्यावर आलं नाही तोवर पिंक फ्लॉइड. मी म्हणालो, "बाळा, एक तरी पुरं होऊ दे की." पोरगं गप्प बसलं, उसळलास तू. "पुरा अल्बम कोण ऐकतंय आता? दहात सात गाणी भरतीची असतात. निवडक ऐकावं अन् मोकळं व्हावं. ही भज्जी बघ, सगळ्यातलं चांगलं चांगलं एकत्र केलंय म्हणूनच ग्वाड लागती ना?" सगळी हसली. येळवशीच्या दिवशी भज्जीचा दाखला दिल्यावर तुझ्या विरोधात कोण जाणार?

तर आधी भज्जीचंच उरकतो. वाटाणा, तूर, हरभरा, वाल, शेंगदाणे हे सगळं एका पातेल्यात बेसनात शिजतं, एकमेकांची चव घेतं, आणि दुसऱ्या दिवशी शिळी तर आणखीच खुलते. अशी ती भज्जी. म्हणजे ती माझ्या बाजूची झाली, तुझ्या नाही. तुझं पोरगं करत होतं ते पंक्तीत बसून शेजाऱ्यांच्या ताटातले वाटाणे वेचणं.

पण पोराला बोलायचा मला काय अधिकार? आपण तरी दुसरं काय करत होतो? १९९५ साल, औरंगाबाद (तेव्हा तेच म्हणायचो), हॉस्टेलची रूम नंबर १४. इंग्रजी कॅसेट दुकानात काचेमागं दिसायची आणि ती घेतली तर महिन्याअखेरी मेसचं बिल कुणाच्या तरी बोकांडी बसायचं. म्हणून पैठण गेटाच्या अलीकडचा तो बोळ. साठची कोरी कॅसेट आणि वहीच्या पानावर तुझ्या अक्षरातली यादी तिथल्या कॅसेट भरून देणाऱ्या काकांच्या हातात द्यायची, की तीन-चार दिवसांनी भरून मिळायची. 'ईगल्स'च्या पुढं त्यांनी निळ्या पेनानं कंसात 'गरुड' असं लिहून ठेवलं होतं. अल्बम म्हणजे काय हे आपल्याला माहीतच नव्हतं. आपल्याला होती फक्त यादी, आणि यादीत फक्त गाजलेली गाणी.

त्या यादीत सहावं होतं पिंक फ्लॉइडचं 'शाईन ऑन यू क्रेझी डायमंड'. कॅसेटची एक बाजू ३० मिनिटांची, गाण्याचा पहिलाच भाग साडेतेरा मिनिटांचा, आणि आधीच्या पाच गाण्यांनंतर टेपवर उरली होती जेमतेम सहा मिनिटं. गिटार रंगात येते न येते तोच खट्. बटण वर. आपण तक्रार घेऊन गेलो तर काका म्हणाले, "लई लांबडं हाय ते. अन् गाणारा तर तोंडच उघडंना. म्हणलं, नुसतं वाजवतेत वाटतं."

आणि आपण दोघांनी ते मान्य करून टाकलं! पुढची दोन वर्षं आपण जगाला सांगत फिरलो की या गाण्याला शब्दच नाहीत. पलीकडच्या खोलीतला तो नांदेडचा पोरगा बिचारा शपथेवर सांगत होता की शब्द आहेत, त्यानं मामाकडं ऐकलेत. तू त्याच्याशी रविवारच्या मेसमधल्या दोन गुलाबजामांची पैज लावलीस, आणि पुरावा म्हणून आपलीच कॅसेट वाजवून पैज जिंकलास. गॅलरीत उन्हात तापवलेले पेन्सिल सेल वॉकमनमध्ये घालून तू त्याच्या कानाला हेडफोन लावलास, तो सहा मिनिटं उभ्यानं ऐकत राहिला आणि 'खट्' झाल्यावर मुकाट्यानं वाटी पुढं सरकवली. तो चेहरा मला अजून दिसतो. गाणारा आठ मिनिटं उलटून गेल्यावर तोंड उघडतो, मास्तर. आपल्या कॅसेटवर तो जन्मालाच आला नाही.

हे मला कळलं ते फार पुढं. कामासाठी आठवड्यातून एकदा मी अंबाजोगाईला जातो, हे तुला माहीत आहे. ज्यात 'शाईन ऑन' आहे तो 'विश यू वेअर हिअर' हा १९७५ चा सबंध अल्बम साधारण ४४ मिनिटांचा. लातूर सोडताना लावला की अंबाजोगाईच्या अलीकडं संपतो. पहिल्यांदा लावला तेव्हा रेणापूरच्या आसपास 'शाईन ऑन'मध्ये आवाज आला आणि मी गाडी कडेला घेतली. खोटं नाही सांगत. कडुलिंबाखाली इंजिन बंद करून बसलो आणि पहिला विचार आला तो त्या गुलाबजामांचा.

पण भांडणाचा मुद्दा त्याच्या पुढं आहे. या अल्बमवर पाचच नोंदी. दोन टोकांना 'शाईन ऑन'चे दोन तुकडे, मधे तीन गाणी. त्यातलं 'हॅव अ सिगार' तू आयुष्यात कुठल्या यादीत घातलं नसतंस. कॅसेट कंपनीचा एक गोडबोल्या साहेब पोरांना सिगार देतो, खांद्यावर हात टाकतो, तुम्ही फार मोठे होणार म्हणतो आणि वर विचारतो की तुमच्यातला पिंक कोण! तो आवाज बँडमधल्या कुणाचा नाहीच, रॉय हार्परचा आहे. शेवटाला गिटार जोरात असताना एकदम सगळा आवाज आक्रसून ट्रान्झिस्टरएवढा होतो. स्टेशन बदलल्यासारखी खरखर येते, माणसांची बोलणी येतात, आणि त्या पत्र्याच्या आवाजात लांबून एक गिटार. मग कुणीतरी खोकतं, आणि अगदी जवळ, जणू आपल्याच खोलीत खाटेवर बसून, दुसरी गिटार त्या रेडिओला साथ द्यायला लागते. ते 'विश यू वेअर हिअर'. तुझ्या पोराच्या यादीतलं.

आता सांग, यादीत क्वीननंतर ते लागलं की सुरुवातीची ती खरखर काय वाटते? स्पीकर बिघडल्यासारखी! तुझ्या पोरानं खरोखर स्पीकर उचलून हलवून बघितला, मी पाहिलं. आधी साहेबाचा तो मोठ्ठा आवाज, मग त्याचा झालेला एवढासा रेडिओ, आणि त्या रेडिओसमोर एकटा बसलेला माणूस. हे तिन्ही ओळीनं आल्याशिवाय त्या गिटारीला एकटेपण येत नाही. दोन टोकांचे तुकडे ज्याच्यासाठी आहेत तो सिड बॅरेट म्हणजे याच बँडचा पहिला म्होरक्या. डोकं बिघडलं आणि १९६८ मध्ये तो बाहेर पडला. १९७५ च्या जूनमध्ये हेच काम चालू असताना एक टकला, जाड, भुवया काढलेला माणूस स्टुडिओत येऊन उभा राहिला आणि जुन्या दोस्तांनी त्याला बराच वेळ ओळखलंच नाही. तो सिडच होता. हे कळल्यावर मी पुढचे दोन आठवडे अंबाजोगाईला जाताना दुसरं काही लावलं नाही.

आपल्या काकांना मात्र मी आता दोष देत नाही. १९८१ मध्ये पिंक फ्लॉइडचाच एक निवडक संग्रह आला, त्यावर 'शाईन ऑन' कापूनच घेतलंय. काकांची टेप तरी संपली होती! शिवाय 'मनी' हे गाणं दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात असल्यानं मिळेना, तर त्यांच्यातल्या गिटारवाल्या गिल्मोरनं बहुतेक वाद्यं स्वतःच वाजवून ते नव्यानं ध्वनिमुद्रित केलं. म्हणजे निवडकमध्ये मिळतं ते गाणंही कधी कधी मूळचं नसतं.

ईगल्सचं तर तू ऐकच. १९७६ च्या फेब्रुवारीत त्यांच्या पहिल्या चार अल्बममधली १० गाणी एकत्र करून संग्रह काढला. अमेरिकेत प्लॅटिनमचा शिक्का बसलेला तो पहिला अल्बम. २०१८ च्या मोजणीत ३ कोटी ८० लाखांवर पोचला, 'हॉटेल कॅलिफोर्निया'वाला अल्बम २ कोटी ६० लाखांवर. म्हणजे तुझ्या बाजूला माणसं भरपूर आहेत, हे मी नाकारत नाही. पण त्या १० मधलं 'डेस्पराडो' घे. ते १९७३ च्या त्याच नावाच्या अल्बममध्ये पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं. अख्खा अल्बम जुन्या अमेरिकेतल्या दरोडेखोरांच्या टोळीवर. तिथं ते गाणं एका हट्टी गड्याला समजावणारं आहे, बाबा, आता तरी परत फीर. मग तबकडी उलटायची, पुढची गाणी ऐकायची, आणि शेवटी तीच चाल पुन्हा येते, तेव्हा समजावून उपयोग झालेला नसतो. संग्रहात त्याचं झालंय रात्री उशिरा एकट्यानं ऐकायचं दर्दभरं गाणं. हॉस्टेलवर प्रेमभंग झाला की आपण तेच लावायचो की नाही? तू तर तीन वेळा.

बरं, तुझं खरं कुठं आहे तेही लिहितो, नाहीतर म्हणशील वकिली करतोय. बीटल्सच्या वेळी इंग्लंडमध्ये सिंगल म्हणून, म्हणजे सुट्ट्या तबकडीवर, काढलेलं गाणं पुष्कळदा अल्बममध्ये घ्यायचेच नाहीत, लोकांना एकाच गाण्याचे दोनदा पैसे नकोत म्हणून. १९६७ च्या फेब्रुवारीत आलेली 'पेनी लेन' आणि 'स्ट्रॉबेरी फील्ड्स' त्यामुळंच त्यांच्या 'सार्जंट पेपर' या अल्बमवर नाहीत. अशा गाण्यांना संग्रह हेच घर. १९७३ चे बीटल्सचे ते लाल आणि निळे संग्रह मी कुणालाही डोळे झाकून देईन. क्रीडन्स या बँडचा २० गाण्यांचा 'क्रॉनिकल' हा संग्रहही तसाच. सुटसुटीत गाणी, सोयाबीनच्या पोत्यासारखी एकावर एक रचली तरी कुणाचं काही बिघडत नाही.

आणि क्वीन. १९८१ चा तो संग्रह ब्रिटनमध्ये सगळ्यात जास्त खपलेला अल्बम आहे. त्यांचा गाणारा फ्रेडी आपल्या पाचगणीला शाळेत होता म्हणून मला तो जरा घरचाच वाटतो, त्यामुळं त्याच्याबद्दल माझा निवाडा धरू नकोस. मला दोन्ही आवडतात. एवढंच म्हणेन की 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' संग्रहात पहिलंच येतं. मूळ अल्बममध्ये ते अगदी शेवटाकडं, सगळा तमाशा होऊन गेल्यावर. गणानं सुरुवात व्हायच्या जागी वगच आधी उरकून टाकल्यासारखं होतं.

दहातली सात भरतीची, असं तू म्हणालास. असतीलही. पण कुठली सात, हे आपल्याला कधी कळलंय? यादी तू करायचास, तुला यादी देणारा सीनियर, त्याला देणारा आणखी कुणी. आपण फक्त टेप संपेपर्यंत ऐकायचो.

आता कामाचं. पोराला सांग, 'हॅव अ सिगार' आणि त्याच्या पुढचं गाणं एवढी दोनच लाव, मधे स्पीकरला हात लावू नकोस. सबंध अल्बम ऐक असं मी म्हणत नाही, त्या वयात आपणही कुणाचं ऐकलं नसतं. आई विचारते, खिरीचा डबा परत कधी येणार. स्टीलचा आहे, झाकणावर नाव कोरलंय, नाही म्हणू नकोस.

आणि पुढच्या शनिवारी माझं नांदेडला काम आहे. तो गडी तिथंच असतो, नंबर मिळालाय. मी त्याला गुलाबजाम खाऊ घालणार आहे. मूळ दोन होते, पण इतक्या वर्षांचं व्याज धरून किलोभर घेतोय. निम्मे पैसे तुझ्याकडं निघतात, पैज तूच लावली होतीस.

तुझा,
रूम नंबर १४ मधला खिडकीकडच्या खाटेवरचा