एकोणपन्नाशीनंतरची वाटी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या शनिवारच्या महिला पुरवणीत चाळिशी-पन्नाशीच्या बायकांसाठी चिनी वैद्यकातल्या पौष्टिक खाण्याबद्दल लेख आला होता. लाल बोरं, गोजी नावाची वाळवलेली बारीक लाल फळं, काळे तीळ, अक्रोड. सोमवारपर्यंत माझ्याकडे कांडपाला आलेल्या चौघींनी गोजी कुठं मिळते म्हणून विचारलं. एकीनं तर पाव किलोला साडेचारशे रुपये मोजलेही होते. म्हणून हे पत्र.

मी शुक्रवार पेठेत बावीस वर्षं चटणी कांडून देते. वय ५१. उन्हाळ्यात संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची घेऊन येणाऱ्या बहुतेक जणी पंचेचाळीस ते साठच्या. डंक, म्हणजे कांडपाचं यंत्र, चालू असताना बसून राहावंच लागतं, तेवढ्यात सगळं बोलून होतं. रात्री घामानं भिजून जाग येते, गुडघे धरतात, कुणाची पाळी महिन्यात दोनदा येते.

माझंही तेच होतं. दोन वर्षं पाळीत अंगावरून इतकं रक्त जायचं की जिना चढताना धाप लागायची. वय झालं असं म्हणून गप्प बसले. धाकटी बहीण सिंगापूरला असते. तिच्या चिनी शेजारणीनं दिलेली लाल बोरांची आणि गोजीची पाकिटं तिनं मला आणली. सासूबाईंनी पाकीट फोडलं आणि म्हणाल्या, "अगं, ही तर बोरंच की!" खरंच, ते झाड आपल्या बोरीचं सख्खं भावंडच आहे. तीन महिने मी ती बोरं उकळून प्याले. मग रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.२. बाईला निदान १२ तरी लागतं. लाल रंगाचं खाल्लं म्हणून रक्त वाढत नाही, हे मला तेव्हा कळलं. गर्भाशयात गाठ निघाली, तिच्यावर उपचार झाले. लोहाची गोळी चहासोबत घ्यायची सोडून लिंबू-पाण्यासोबत घ्यायला लागले. त्यानंतर धाप गेली.

तरीही त्या चिनी खाण्यातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. ती तुमच्या लेखात नव्हती, बहिणीनं सांगितली. 'ह्वांगदी नेइचिंग' या त्यांच्या प्राचीन वैद्यकग्रंथात बाईचं आयुष्य सात-सात वर्षांनी मोजलंय. सातव्या वर्षी दुधाचे दात पडतात, चौदाव्या वर्षी पाळी येते, अठ्ठाविसाव्या वर्षी शरीर भरात असतं, पस्तिसाव्या वर्षी चेहरा उतरू लागतो, ४९ व्या वर्षी पाळी जाते. बहिणीची शेजारीण त्या वयाची झाली, तेव्हा तिची सून तिच्यासाठी वेगळं सूप शिजवू लागली. मटण, भरपूर आलं आणि ओव्याच्या कुळातली दांगग्वे नावाची मुळी. झांग झोंगजिंग या वैद्यानं सुमारे १८०० वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली कृती, मूळची बाळंतिणीच्या पोटदुखीसाठी. बाळंतिणीचं सूप पन्नाशीच्या बाईला!

आपल्याकडे काय कमी आहे? मटणाची अळणी, म्हणजे बिनतिखटाचं पाणी, आहे, डिंकाचे लाडू आहेत, हळीव आहेत, खारीक आहे. पण हे सगळं दीड महिना बाळंतिणीसाठी. तीच बाई पन्नाशीला आली की तिला कुणी करून घालत नाही. रविवारी अळणीची पहिली वाटी लेकरांना, मग पुरुषांना. तिच्या ताटात उरलेला तांबडा रस्सा आणि दोन हाडं. मीही माझ्या सासूबाईंना वर्षानुवर्षं शेवटीच वाढलंय, आणि आता त्याचं मला फार वाईट वाटतं.

सरकारी मोजणीतही तेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या शंभरातल्या ५४ बायकांना रक्तक्षय निघाला, पण त्या १५ ते ४९ वयाच्या. पन्नाशीच्या बाईचं हिमोग्लोबिन त्यात तपासलेलंच नाही.

तेव्हा माझी विनंती अशी. चिनी खाण्यावर जरूर लिहा, पण दांगग्वे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत घेऊ नये, हे ठळक छापा. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा अंगावरून रक्त दिसलं, तर बोरं-गोजी उकळत न बसता डॉक्टर गाठायला हवा, हेही सांगा. आणि आपल्या लक्ष्मीपुरीच्या, कपिलतीर्थाच्या बाजारात जे मिळतं त्याबद्दल लिहा. काळे तीळ तर चिन्यांचे तेच आपले. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर पुरुष गडी धारोष्ण दुधाचे पेले रिचवतात. पन्नाशीची बाई तिथं पेला हातात घेऊन उभी राहिलेली मी तरी पाहिली नाही.

पुढच्या पुरवणीत इथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडून आणि आहारतज्ज्ञांकडून एवढं लिहून घ्याल का? अक्षरं जरा मोठी छापा. ते कात्रण मी डंकाशेजारच्या भिंतीला लावणार आहे. मिरची कांडून होईपर्यंत बायका वाचत बसतात.

आपली,
एक कांडपवाली वाचक
शुक्रवार पेठ, कोल्हापूर