गाइडचा नंबर न सांगणाऱ्या दादांना

आदरणीय दादा,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच "पाऊस कसा आहे रत्नागिरीत?" म्हणून विषय बदलता. त्यामुळे हे पत्र, आणि तेही चारचौघांत. दुसरं कारण असं की घरच्या घरी मासे गरवायचा रॉड बांधणारी पोरं आता कोकणात दिसायला लागली आहेत आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न तोच असतो, जो मी तुम्हाला विचारला होता: नऊ फुटी रॉडला कुठल्या नंबरचे गाइड, म्हणजे लाइन ओवायची कडी, लावू?

तुम्ही नंबर सांगितलाच नाहीत. उलट मलाच विचारलंत, रील कुठलं, लाइन कुठली, लीडर (लाइनच्या टोकाला जोडलेला जाड तुकडा) किती पौंडी, आणि लीडरची गाठ कुठली मारतोस? माझ्या हातात ब्लँकबरोबर (गाइड न लावलेली नुसती काठी) आलेला छापील तक्ता होता, ४०, ३०, २०, १६, १२, १० असा उतरत जाणारा. मला वाटलं, एवढं छापून दिलंय तर हे उलटतपासणी कशाला घेतायत! तुम्ही तक्ता पाहिलात आणि एवढंच म्हणालात, "हा तंगुसाच्या जमान्यातला."

मग समजावलंत. तंगूस, म्हणजे नायलॉनची एकेरी लाइन, जाड आणि ताठ, स्पिनिंग रीलच्या स्पूलवरून (लाइन गुंडाळायच्या रिळावरून) सुटताना मोठी वेटोळी घेत जातो. ती मावावीत म्हणून पहिलं कडं मोठं आणि पुढची हळूहळू लहान. ब्रेडेड, म्हणजे धागे विणून केलेली, लाइन बारीक आणि लुळी. तिला एवढी जागा द्यायची गरज नाही, उलट मोकळी सोडली तर ती ब्लँकवर फटफटत राहते आणि गाइडच्या फ्रेमलाही वेढे घालते. म्हणून कडं लहान, पण फ्रेम उंच. पहिल्या दोन-तीन गाइडांतच वेटोळी आवळून घ्यायची आणि तिथून टोकापर्यंत सगळे एकाच लहान मापाचे. आवळायची जागा कुठली, तर रीलच्या स्पूलमधून जाणाऱ्या दांड्याची रेषा पुढे वाढवली की ती जिथे ब्लँकला भेटते, त्याच्या आसपास. तुम्ही रील बसवून, गाइड नुसते चिकटपट्टीने लावून, स्पूलच्या कडेपासून सुतळी ताणून दाखवलीत. एक डोळा मिटून मागून पाहिलं तेव्हा कडी एकात एक बसलेली दिसली. जी रेषेत नव्हती ती तुम्ही दोन बोटं सरकवलीत.

पण तुमचं खरं ऋण आहे ते गाठीच्या धड्याचं. फुजी कंपनीचे बारीक गाइड, साडेपाच-सहा नंबरचे, पाहून मी हरखलो होतो. तुम्ही म्हणालात, ते पिशवीतून बाहेर काढ आणि तुझा लीडर आण. आमच्याकडे गरवणं म्हणजे खडपावरून, खाली कालवांनी भरलेला दगड, आणि जिताड्याच्या कल्ल्याची कड ब्लेडसारखी. बारीक लीडर इथे चालतच नाही, साठ पौंडी लागतो. लीडर जाड म्हणजे तो ब्रेडेड लाइनला जोडणारी एफजी गाठही जाड. गाइडचा नंबर म्हणजे साधारणपणे कड्याचा बाहेरचा व्यास, मिलिमीटरमध्ये. आतलं भोक त्याहून लहान, आणि किती लहान ते कड्याच्या जाडीवर. टॉर्झाइट या सिरॅमिकचं कडं पातळ, म्हणून त्याच नंबरात भोक थोडं मोठं. अॅल्युमिनियम ऑक्साइडचं जाडसर. हे मला कुठल्याच दुकानदाराने सांगितलं नव्हतं.

सहा नंबरातून गाठ हळू ओढली तर निघाली. मग तुम्ही ती उलट बाजूने, झटक्याने ओढायला लावलीत. गाठ कड्याच्या काठाला टक्क करून अडली. तो आवाज मी अजून विसरलो नाही. फेकताना गाठ नेमकी अशीच जाणार, आणि साठ ग्रॅमचा पॉपर (तरंगतं कृत्रिम आमिष) हवेत असताना अडली तर लाइन तुटून पॉपर एकटाच समुद्रात जाणार. आठ नंबरातून बिनतक्रार गेली. तेव्हा ठरलं: पुढचे सगळे आठ, टोकाचा टिपटॉपही आठ. टिपटॉपला दोन मापं असतात, कड्याचं वेगळं आणि नळीचं वेगळं, हेही त्याच दिवशी कळलं.

"मग दहाच लावू, अजून सुटसुटीत," असं मी म्हटल्यावर तुम्ही सोनाराचा काटा पुढे केलात. फरक किरकोळ दिसला. मग दहाचे गाइड टोकाकडे चिकटवून रॉडला झटका द्यायला लावलात, नंतर आठचे. दहाला टोक किती वेळ डुलत राहिलं! मुठीजवळचं वजन हाताला कळतही नाही, टोकाचं मात्र ब्लँकची सगळी चपळाई खातं. शिवाय मोठ्या गाइडला तो बांधायचा दोरा आणि त्यावरची इपॉक्सीही जास्त लागते.

शेवटी लाइन सगळ्या गाइडांतून ओवून, टोकाला पाण्याची बाटली लटकवून ब्लँक वाकवला. एका ठिकाणी लाइन कड्यात कोपरा करून वळत होती. तुम्ही तिथे एक गाइड वाढवलात आणि त्याचे शेजारी जवळ घेतलेत. 'फुटाला एक गाइड' हा हिशोब सुरुवातीला ठीक, नंतर ब्लँक सांगेल ते, हे तुमचं म्हणणं मी आता दुसऱ्यांना माझंच असल्यासारखं ऐकवतो. माफी असावी!

त्या रॉडवर शेवटी लागले ते २५, १६, १० आणि पुढे आठ. हे आकडे इथे लिहिताना जरा धाकधूक वाटते, कारण कुणीतरी उचलून आपल्या हलक्या रॉडवर लावेल. खाडीत बारीक लाइनवर काळुंदर गरवणाऱ्याला ते नकोतच, त्याला साडेचारही पुरतील.

कुरियरने पाठवलेला सुट्या गाइडांचा डबा अजून माझ्याकडेच आहे. गाइडचे पाय (ब्लँकवर बांधायच्या पट्ट्या) कानशीने घासून टोकाला निमुळते करायची सवयही लागली, दोरा आता फट न ठेवता चढतो. पावसाळ्यात इपॉक्सीवर पांढुरकी साय धरते, म्हणून ते काम दिवाळीनंतरसाठी ठेवलंय.

बेटकास्टरसाठी (रॉडच्या वरच्या अंगाला बसणारं रील) नवा ब्लँक आणलाय. स्पायरल करायचा विचार आहे, पहिला गाइड वर आणि पुढचे बाजूने फिरवत खाली. वळणावरच्या गाइडात लाइन कड्याच्या बाजूला टेकणार. तिथे कडं एक नंबर मोठं घ्यावं की फ्रेम उंच, यावर तुमच्याशी बोलायचंय. रविवारी दुपारी फोन करतो. वहिनींना नमस्कार सांगा.

आपला,
रत्नागिरीचा गरवणारा