त्याचे कारण लेखी दे

डिचोली, गोवा
रविवार, रात्री

चि. बाळ यास,
अनेक आशीर्वाद.

आपल्या प्रेसमधले बाइंडर, ज्यांना तू पहिल्या दिवसापासून काका म्हणत आलास, आज दुपारी फोंड्याहून इथे आले आणि तासभर सोप्यावर बसून गेले. तुझ्याविरुद्ध ते एक शब्दही बोलले नाहीत. उद्यापासून येऊ नका, असे फोनवर सांगितले गेले, तेव्हा आपले नेमके काय चुकले एवढे मी तुला विचारावे, इतकेच त्यांचे मागणे होते. संध्याकाळी मी तुला फोन केला, तेव्हा तू आधी म्हणालास की गल्ल्यातले 3,200 रुपये गेले. आणि गल्ल्याची किल्ली किती जणांकडे असते असे मी विचारताच म्हणालास की डिजिटल मशीन घेतल्यापासून पूर्ण वेळ बाइंडर परवडत नाही. माझा आवाज चढला, म्हणून उरलेले लिहून पाठवत आहे.

ही दोन कारणे वेगळी आहेत आणि दोहोंची वाटही वेगळी आहे. काकांनी पैसे घेतले असे तुला खरोखर वाटत असेल, तर आरोप लेखी द्यायला हवा, त्यांचे उत्तर घ्यायला हवे, आणि ज्या तिघांकडे किल्ली असते त्या सर्वांसमोर चौकशी करून मगच निर्णय घ्यायला हवा. काम घटले म्हणून माणूस कमी करायचा असेल, तर त्याला कपात म्हणतात, आणि त्यात माणसाचा दोष नसतो, म्हणूनच कायद्याने त्याची भरपाई ठरवली आहे. तू मात्र काम घटले म्हणून त्यांना काढलेस आणि भरपाई द्यावी लागू नये म्हणून चोरीचे नाव पुढे केलेस, असे मला दिसते. हे लिहिताना मला फार वाईट वाटते, पण दुसरा अर्थ मला लावता येत नाही.

आपल्या सहा माणसांच्या प्रेसला कसला आलाय कायदा, असे तू म्हणालास. लहान धंद्याला काही गोष्टींतून सूट आहे, हे खरे. दहापेक्षा कमी माणसे असल्यामुळे ग्रॅच्युइटीचा कायदा बहुधा तुला लागणार नाही, आणि सरकारची आधी परवानगी घेण्याची अट तर मोठ्या कारखान्यांसाठीच आहे. पण वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कमी करताना एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार, हा नियम 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात होता आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. तिथे माणसे किती, हे विचारलेले नाही. काकांचा पगार 16,000 आणि नोकरी अकरा वर्षे. म्हणजे 88,000 भरपाईचे आणि 16,000 नोटिशीचे, मिळून 1,04,000 रुपये होतात. चालू महिन्याचा राहिलेला पगार वेगळा, आणि तो तर काढल्यापासून कामाच्या दोन दिवसांत हातात पडायला हवा होता. मशीनचा हप्ता भरताना तुझी ओढाताण होते हे मला ठाऊक आहे. रक्कम हप्त्याने द्यायची असेल, तर त्यांच्याशी बोलून, त्यांची संमती घेऊन, लिहून दे.

मला सर्वांत जास्त लागले ते त्या कागदाचे. ‘मी स्वखुशीने काम सोडत आहे’ असे आपल्याच लेटरहेडवर टाइप करून त्यावर तू त्यांची सही घेतलीस, आणि सही झाल्यावरच पगाराचे बघू, असे सांगितलेस. त्याची झेरॉक्स त्यांनी मला दाखवली. अकरा वर्षे पगारपत्रकावर ज्या ठसठशीत अक्षरांत ते सही करत आले, ती सही या कागदावर ओळीखाली घसरलेली आहे. असा राजीनामा पणजीला पाटो इथल्या श्रमशक्ती भवनात कामगार खात्याच्या समेट अधिकाऱ्यासमोर टिकेल, या भ्रमात राहू नकोस. टिकला असता तरी मी तुला तो फाडायलाच सांगितले असते.

तुला आठवत असेल, एका देवस्थानाच्या देणगी पावत्यांच्या पुस्तकांत नंबरिंग मशीन अडकून दोन पावत्यांवर एकच क्रमांक पडला होता. गिऱ्हाइकाच्या ते लक्षातही आले नसते. काकांनी रात्री बसून पन्नास पुस्तके पान पान उलटून तपासली, कारण हिशेब जुळला नाही तर देवस्थानाच्या खजिनदारावर विनाकारण संशय येईल, असे त्यांचे म्हणणे होते. दुसऱ्यावर संशय येऊ नये म्हणून रात्र जागवणाऱ्या माणसावर तू तीन शब्दांत संशय टाकलास.

2012 साली खाणी बंद झाल्या, तेव्हा मी ज्या कंत्राटदाराच्या कचेरीत हिशेब लिहीत होतो, तिथे आम्ही आठ जण होतो. मालकांचा असाच फोन आला. दुसऱ्या दिवशी टेबलाच्या खणात राहिलेला जेवणाचा डबा आणायला गेलो, तर मला आत न सोडता पहारेकऱ्याने तो फाटकाबाहेर आणून दिला. काम थांबले होते हे मला कळत होते, त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. परंतु नोटीस नाही, हिशेब नाही, समोर बसवून दोन वाक्येही नाहीत. तू तेव्हा अकरावीत होतास. घरी आल्यावर तू मला विचारलेस, “बाबा, कारण काय सांगितलं त्यांनी?” माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि तू रागाने जेवायला बसला नाहीस.

शनिवारी सकाळच्या बसने मी फोंड्याला येतो. त्याआधी तू स्वतः काकांच्या घरी जा, फोन करू नकोस. तो राजीनामा त्यांच्या हातात परत दे. चोरीचा आरोप सिद्ध करता येत नसेल, तर तो मागे घेतल्याचे त्यांच्या बायकोसमोर सांग, कारण गावात ती गोष्ट तिच्याही कानावर गेली आहे. त्यांना ठेवायचे की कपात करायची, हे तू धंदा पाहून ठरव. कपात करणार असशील तर पत्र आणि हिशेब तयार ठेव, शनिवारी मी आकडे तपासून देईन.

तुझा,
बाबा