‘टीकप’चा कप केवढा?

महोदय,

नातीच्या हट्टापायी दोन वर्षांपूर्वी नागपूरहून ‘टीकप पोमेरेनियन’ म्हणून कुत्र्याचं पिल्लू आणलं. विकणारा म्हणाला, “काकाजी, मोठं झालं तरी पिशवीत मावेल.” परवा किराणा दुकानात, तुरीच्या कट्ट्याशेजारी, त्याला काट्यावर बसवलं, तर काटा 9 किलोवर! सारं दुकान हसलं. मीही हसलो, पैसे आठवले तेव्हा थांबलो.

तालुक्याचे पशुवैद्यक म्हणाले, हा इंडियन स्पिट्झ दिसतो. आपल्याकडे त्यालाच सर्रास ‘पॉम’ म्हणून खपवतात. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकन केनेल क्लबच्या मानकात पोमेरेनियन 3 ते 7 पौंडांचा, म्हणजे फार तर सव्वातीन किलो.

‘टीकप’ नावाची तर मान्यताप्राप्त जातच नाही. तो विक्रेत्यांचा शब्द. ‘टॉय’ मात्र खरा. त्याच क्लबच्या मानकांत पूडल जातीचा कुत्रा खांद्यापर्यंत 10 इंच किंवा कमी उंचीचा असेल तर ‘टॉय’, त्यावर 15 इंचांपर्यंत ‘मिनिएचर’. पण 14 ते 18 पौंडांचा पगसुद्धा ‘टॉय’ गटातच मोडतो! म्हणजे लेबलावरून वजन ताडणं व्यर्थ. अन् खरोखर मुठीएवढं पिल्लू मिळालंच, तर एखादं खाणं चुकलं तरी त्याची रक्तातली साखर घसरू शकते, पलंगावरून उडी मारली तर पाय मोडू शकतो.

आमचा ‘कप्या’ गोठ्यात गाईशेजारी ऐसपैस झोपतो, तक्रार त्याच्याबद्दल नाही. आपल्या छोट्या जाहिरातींत ‘टीकप’ छापताना पिल्लाच्या मायबापाचं वजनही छापायला लावा, एवढीच विनंती.

— एक शेतकरी वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)