आई, मी ठीक आहे, पण इथलं जरा नीट सांगते

बँकॉक, 18 ऑक्टोबर 2020

आई, बाबांना नमस्कार सांग.

टीव्हीवर इथल्या सरकारविरोधी मोर्चावरचे ते निळ्या पाण्याचे फवारे बघून तुम्ही दोघं रात्रभर झोपला नाहीत असं चिमी म्हणाली. अगं मी ठणठणीत आहे, ऑफिसने घरूनच काम करायला सांगितलंय. फोनवर नुसतं ठीक आहे ठीक आहे एवढंच होतं म्हणून लिहायला बसले.

15 तारखेला पहाटे 4 वाजता सरकारने बँकॉकमध्ये आणीबाणी लावली, पाच किंवा जास्त जणांनी जमायचं नाही, म्होरक्यांना पकडलं, आणि झालं काय तर त्याच संध्याकाळी राचप्रसोंगच्या चौकात हजारो लोक जमले. दुसऱ्या दिवशी शुक्रवारी पथुमवानला पोलिसांनी पाण्याचा मारा केला, तेच तुम्ही बघितलंत.

माझ्या ऑफिसातली एक मुलगी तिथे होती, आपल्या चिमीएवढीच. घरी आईवडिलांना माहीत नाही म्हणून काल सकाळी शर्ट धुवायला माझ्याकडे घेऊन आली. दोनदा पावडर घातली तरी बादलीतलं पाणी निळंच. त्या पाण्यात काहीतरी मिसळलेलं होतं, मानेवर अजून आग होतेय म्हणाली, मी खोबरेल लावून दिलं. हातात काय होतं तर छत्री!

बाबा विचारतील एवढं पेटलं कशावरून. पंतप्रधान प्रयुत हे लष्करप्रमुख असताना 22 मे 2014 ला त्यांनी सत्ता हातात घेतली, 2019 ला निवडणूक झाली पण पंतप्रधान निवडताना लष्कराने नेमलेले 250 सिनेटर पण मत देतात, मग काय होणार. पोरांनी ज्या नव्या पक्षाला भरभरून मतं दिली तो या फेब्रुवारीत कोर्टाने बरखास्त केला. आता त्यांना प्रयुतचा राजीनामा पाहिजे, नवी राज्यघटना पाहिजे आणि राजघराण्यातही सुधारणा पाहिजे. हे तिसरं उघड बोलणं म्हणजे केवढी हिंमत, राजाच्या अपमानाला इथे 3 ते 15 वर्षं शिक्षा आहे. रोज सकाळी 8 ला आणि संध्याकाळी 6 ला स्टेशनवर राष्ट्रगीत लागतं, सगळे आहेत तिथे थांबतात, आता त्यात कुणीकुणी निषेधाची खूण म्हणून तीन बोटं वर करून उभं असतं. मला ते बघून गलबलून येतं गं.

काल घट बसवले. झेंडू आदल्या दिवशीच पाक खलोंगच्या फुलबाजारातून आणला होता. पहिली माळ त्या पोरीनेच ओवली, इथल्या लोकांचा हात फुलांत फार सराईत असतो, नखांत तो निळा रंग तसाच. दुपारी सिलोमला मारीअम्मनच्या देवळात जायचं ठरवलं होतं पण सरकारने मेट्रो आणि स्कायट्रेन सगळ्याच बंद केल्या, का तर मोर्चाला कुणी पोचू नये म्हणून. पोरं तरीही लाट फ्राओला, उदोमसुकला, वोंगवियन याईला जमलीच, ऐनवेळी फोनवर ठिकाण कळतं. ही पण गेली, मी नको म्हणत होते. रात्री घरी पोचले असा तिचा मेसेज आला तेव्हा कुठे मी जेवायला बसले.

शर्ट इथेच वाळत घातलाय, डाग काही गेला नाही. बाबांच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्या असतील तर चिमीला आजच आणायला सांग, आणि घटाचा फोटो पाठव.

तुझी,
ताई