पाचवा महिना फार उशिराचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात गर्भसंस्कार शिबिराची बातमी वाचली. पाचव्या महिन्यापासून प्रवेश, श्लोक, बासरी, सात्त्विक आहार. मी निपाणीजवळच्या एका गावात २६ वर्षं अंगणवाडी चालवली. शिबिराला माझा विरोध नाही. गरोदर बाई दोन तास काम सोडून बसते, एवढं पुण्य त्यालाही आहेच. पण पाचवा महिना फार उशिराचा झाला.

बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. पाळी चुकून तेव्हा जेमतेम दोन आठवडे होतात. आमच्याकडे तर दिवस गेल्याचं तीन महिने कुणाला सांगत नाहीत, दृष्ट लागते म्हणून. सून लाजत लाजत माझ्याकडे नाव नोंदवायला यायची, तोवर नळीचं काम कधीच उरकलेलं असायचं.

आमच्या गल्लीत एक बाळ पाठीवर पाण्याच्या फोडासारखी गाठ घेऊन जन्मलं. पाय हलत नव्हते. तीच नळी पाठीपाशी मिटायची राहून गेली होती. ग्रहणात विळीवर बसली होती, असं सासूनं ठरवून टाकलं आणि त्या पोरीनंही ते खरं मानलं. असं मूल आधी झालेल्या बायकांना फॉलिक ॲसिड, म्हणजे एक ब जीवनसत्त्व, देऊन ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं चाचणी घेतली होती. १९९१ साली तिचा निकाल आला: पुन्हा तसं मूल होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. सगळीच बाळं वाचतात असं नाही, त्यामुळे कुठल्या आईकडे बोट दाखवायचं कारण नाही. पण विळी आणि ग्रहण यांचा यात काही संबंध नाही, हे त्या घरात मी तेव्हा ठासून बोलायला हवं होतं. बोलले नाही.

आता मिश्री. हा आमच्या भागाचा खास विषय. सकाळी तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि दात घासता घासता तासभर तोंडात धरायची. तंबाखू खाऊ नको म्हटलं की बाई म्हणते, ‘मी कुठं खाते?’ आणि मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, हे वर. पहिलटकरणीला तर सासूच हातावर देते. मीही लावायची. माझा थोरला पावणेदोन किलोचा झाला. मिश्रीमुळंच, असं एका बाळावरून कुणी छातीठोक सांगणार नाही. पण तंबाखू लावणाऱ्या बायकांची बाळं कमी वजनाची होतात, हे आपल्याच देशातल्या अभ्यासांत दिसलेलं आहे. निकोटीन वारेतून बाळाच्या रक्तात उतरतं आणि मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला शिकत असतात, तिथंच जाऊन बसतं. जी मिश्री लावत नाही, ती मांडीवर सूप घेऊन विड्या वळते. खकाणा नाकात, बोटाला जर्दा, त्याच हातानं भाकरी. निदान हात धुऊन जेव, पाळणा सुपापासून लांब टांग, एवढंच मी सांगू शकायची. विड्या सोड म्हणायला माझ्याकडे तिला देण्यासारखं दुसरं काम नव्हतं. ऊस-तंबाखूवर फवारायचा पंप मोरीत धुतात, त्याच मोरीत भांडी घासतात. ते औषध किड्याच्या मज्जातंतूंवर चालतं आणि आपल्याही.

खाण्याचं थोडक्यात. आंबाडी उकडून पाणी फेकतो, त्यात फोलेट, म्हणजे भाजीतलं तेच जीवनसत्त्व, जातं. तिच्या जोडीला मेथी-चाकवत कमी शिजवून खावं. स्वस्त म्हणून उघड्यावरचं खडेमीठ आणू नये. पहिले काही महिने बाळ आईच्याच थायरॉईडवर अवलंबून असतं आणि थायरॉईडला आयोडीन लागतं; ते या खडेमिठात नसतं. ‘पोर मोठं झालं तर बाळंतपण अवघड’ म्हणून सुनेला अर्धपोटी ठेवणाऱ्या सासवा अजून आहेत.

माझं मागणं साधं आहे. फॉलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम, गर्भ राहायच्या आधीपासून बारा आठवड्यांपर्यंत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. मग लग्न ठरलं की गोळी सुरू व्हायला हवी. पंचायतीत लग्नाची नोंद होते तिथंच ती द्यावी. (दुकानात बहुधा त्याहून कितीतरी मोठी, ५ मिलिग्रॅमची देतात, म्हणून डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.) दुसरं, आमच्या बायकांच्या हातातलं ‘तायी कार्ड’, म्हणजे गरोदरपणाच्या नोंदींचं सरकारी कार्ड, कानडीत असतं. तायी म्हणजे आई, हेही पुष्कळजणींना माहीत नाही. त्या ‘ताईचं कार्ड’ म्हणतात आणि सातव्या महिन्यात ते घेऊन सीमेपलीकडे महाराष्ट्रात, कागलला माहेरी जातात. तिथल्या नर्सबाईला ते वाचता येत नाही. कानडीच्या खाली मराठीच्या चार ओळी छापल्या तर कुणाचं काय बिघडेल?

मे महिन्यात पुतणीच्या ओटीत मी खण-नारळाबरोबर डॉक्टरांना विचारून आणलेली गोळ्यांची पाकिटं ठेवली. मांडवातल्या बायका खूप हसल्या. पुतणीनं मात्र ती पर्समध्ये टाकली.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी कार्यकर्ती
ता. निपाणी, जि. बेळगाव