इम्प्लांटला घाई चालत नाही

महोदय,

‘एका दिवसात पक्के दात’ अशा जाहिरातींना भुलू नये. इम्प्लांट म्हणजे पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू; त्यावर कॅप, म्हणजे कृत्रिम दात, बसतो. हा स्क्रू हाडाशी एकजीव व्हायला खालच्या जबड्यात साधारण 3 महिने लागतात, वरच्यात 4 ते 6, कारण वरचे हाड मऊ. पहिल्याच दिवशी दात बसवता येतो, पण तो तात्पुरता, आणि स्क्रू घट्ट बसला असेल तरच. आधीच चावण्याचा पूर्ण भार पडला तर स्क्रू हलू शकतो, आणि मग काढावाच लागतो. बोटीवर रुजू होण्याच्या पंधरा दिवस आधी येणाऱ्या तारवटींनी हे ध्यानात घ्यावे. या सुटीत स्क्रू, पुढच्या सुटीत कॅप, हाच हिशेब बरा.

सीबीसीटी स्कॅन, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे, आधी हवाच. खालच्या जबड्यातल्या नसेपासून 2 मिलिमीटर अंतर सुटले नाही तर ओठ बधिर राहू शकतो. मधुमेह आटोक्यात हवा, सिगारेट बंद. स्क्रूच्या डबीवरचा कंपनी, माप आणि लॉट नंबरचा स्टिकर मागून घ्या. उद्या कॅप सैल झाली तर दुसऱ्या दंतवैद्याला स्क्रू फिरवायला कुठला ड्रायव्हर (पेचकस) लागेल ते त्यावरूनच कळते. आणि दुखत नाही म्हणून तपासणी टाळू नका. भोवतीचे हाड झिजताना बहुधा दुखतच नाही, फक्त ब्रश करताना हिरडीतून रक्त येते.

– एक दंतवैद्य, फोंडा